शनिवारचा डबा

उकळलेला चहा अरुणाकाकूंनी कपात गाळला, आल्याचा वास नाकाशी आला, आणि तो कप त्यांनी तसाच सिंकमध्ये उपडा केला. खिडकीबाहेर मराठी मंडळातला जयदीप त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत होता. कालपासून पडलेला बर्फ गुडघ्याला लागत होता, आणि हा गडी मात्र एका लयीत फावडं खुपसत, कमरेतून वळत, लॉनवर ढीग रचत चालला होता. राजनकाकांची बायपास झाली तेव्हापासून, म्हणजे सहा हिवाळे, हे काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. काम संपलं की काकूंनी दारात चहा द्यायचा आणि त्याने तो उभ्या उभ्या प्यायचा, हा रिवाजही तितकाच जुना.

“चहा दिलास का त्याला?” राजनकाकांनी टीव्हीसमोरून विचारलं.

“उतू गेला,” काकू म्हणाल्या.

हॅमिल्टनमध्ये पंचेचाळीस वर्षं काढलेल्या, त्यातली तीस हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासण्यात घालवलेल्या या बाईला थापा मारायची सवय नव्हती. मराठी मंडळात त्यांचा दरारा होता तो सरळ बोलण्यामुळेच. कुणाची पुरणपोळी फाटली, कुणाच्या मुलाने मंडळाच्या नाटकात माती खाल्ली, काकू तोंडावर सांगायच्या आणि लोक ऐकून घ्यायचे. परवापासून मात्र त्यांची ही चौथी थाप होती.

बेल वाजली. जयदीप पायरीवर बूट आपटत उभा होता. वय चाळिशीचं, गाल थंडीने लाल झालेले, चेहऱ्यावर ते नेहमीचं घरच्या माणसाचं हसू.

“झालं काकू. मीठपण टाकलंय, घसरायला नको. आणि तुमचा फोन देता का आज? दोन तासांत परत आणतो. जुने चॅट्स फार साठलेत त्यात, म्हणून हँग होतो. क्लीन करून देतो.”

गेल्या आठवड्यात तो हेच म्हणाला होता तेव्हा काकूंना केवढं कौतुक वाटलं होतं. पोटचा मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाला, कोक्विटलामला, तो महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉल करतो तोही घड्याळ बघत, आणि हा कोण कुठला, तर आपला फोन हँग होतो हेसुद्धा याच्या लक्षात. तेव्हा फोन चार्जिंगला होता आणि जयदीपला घाई होती, म्हणून राहून गेलं. नाहीतर काकूंनी तो आनंदाने त्याच्या हातात ठेवला असता.

“आज नको,” काकू म्हणाल्या.

त्याने त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

“चहापण नाही आज?”

“दूध संपलंय.”

तो हसला, मान डोलावली आणि गाडीकडे वळला. काकूंनी दार लावलं आणि दोन्ही कड्या घातल्या. भर दिवसा दोन्ही कड्या त्यांनी या घरात कधी घातल्या नव्हत्या.

परवा, गुरुवारी संध्याकाळी, कृतिकाचा फोन आला होता. नाव सांगितल्यावर काकूंना क्षणभर आठवेना. मग आठवलं ते नागपूरची ती उंच, कुरळ्या केसांची पोरगी, बायोमेडिकलला मास्टर्स करायला आली होती ती, आणि आठवणीपाठोपाठ जुना रागही आला. कृतघ्न कुठली. चार वर्षांत एक फोन नाही. तो राग पुरता वर यायच्या आत कृतिका म्हणाली होती:

“काकू, जयदीपने माझ्यावर जबरदस्ती केली होती. तेरा फेब्रुवारीला, लॉकडाऊनमध्ये. मी आता पोलिसांत कम्प्लेंट केलीये.”

पुढचं ती ठरवून आल्यासारखं, एका दमात बोलली होती. ती आता दुसऱ्या प्रांतात, ब्रॉसार्डला असते, नोकरी करते. दोन आठवड्यांपूर्वी पोलिसांनी जयदीपला बोलावून विचारलं, तर तो म्हणाला, फेब्रुवारीत मी त्या मुलीच्या घरी गेलोच नव्हतो, डबे दुसरं कुणीतरी द्यायचं. तसं त्याच्या वकिलाने लिहूनही दिलंय. डिटेक्टिव्ह काकूंना फोन करणारच आहेत, पण त्याआधी ती स्वतः येऊन भेटू शकते का? काकू ये म्हणाल्या होत्या. आणखी काय म्हणणार?

फोन ठेवल्यावर मात्र त्यांना एक गोष्ट लख्ख आठवली, आणि त्या स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसल्या त्या कितीतरी वेळ उठल्या नाहीत.

डब्यांची कल्पना त्यांचीच. लॉकडाऊन लागला, कॉलेजं बंद, विमानं बंद, आणि शिकायला आलेली आपली मुलं बेसमेंटांमध्ये अडकली. कुणी मॅगीवर दिवस काढत होतं, कुणी तेही नाही. काकूंनी मंडळातल्या आठ बायकांना कामाला लावलं. दर शनिवारी पोळी, भाजी, वरणभात, लोणच्याची फोड. पुरुषांनी गाड्या काढायच्या. डबा पायरीवर ठेवायचा, बेल वाजवायची, सहा पावलं मागे व्हायचं आणि गेल्या आठवड्याचा डबा उचलून निघायचं, असा नियमही काकूंनीच घालून दिला होता. कुठल्या घरी कुणी जायचं ते त्या ठरवायच्या. युनिव्हर्सिटीजवळचा भाग त्यांनी जयदीपकडे दिला, कारण त्याच्याएवढा वेळेचा पक्का दुसरा कुणी नव्हता. वर्षभर हे चाललं. मंडळाच्या स्मरणिकेत फोटो आला, काकू मधोमध, शेजारी जयदीप.

आणि त्या डब्यांबरोबर एक जुनी रीतही चालत आली. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही. काकूंनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. आईच्या हाताखाली वाढलेल्या मुलांना ते सांगावं लागत नाही. परत आलेल्या डब्यात चिमूटभर साखर असायची, कुणाचं चॉकलेट, कुणाच्या दोन टी-बॅग. कृतिकाच्या डब्यात कधी संत्रं, कधी पाच काजू, एकदा तर कागदात बांधलेली बडीशेप, आईने नागपूरहून दिलेली. काकू ते डबे उघडायच्या तेव्हा त्यांना भरून यायचं. बायकांना फोन करकरून सांगायच्या, पोरांवर संस्कार आहेत हो.

मग सहा फेब्रुवारीला कृतिकाचा डबा आला तो रिकामा. धुतलेलासुद्धा नव्हता. वरणाचा थर वाळून खरखरीत झालेला, आणि बाकी काही नाही. काकूंच्या कपाळावर आठी चढली. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज: काकू, पुढच्या आठवड्यापासून मला डबा नको. किंवा दुसरं कुणी आणणार असेल तर चालेल. सॉरी.

काकूंनी काय करायला हवं होतं, हे आज दगडालाही कळेल. फोन उचलायचा आणि विचारायचं, काय झालं गं? एवढंच. पण त्यांच्या डोळ्यांसमोर होता तो खरकटा डबा. दिवसभर आठ बायका राबतात, एक माणूस बर्फातून गाडी काढतो, आणि ही बया कोण आणणार तेही निवडून मागते. अन्नाला नाही म्हणू नये, एवढं एक वाक्य त्यांनी तिला लिहून पाठवलं. मग तिचा तो मेसेज त्यांनी उचलला आणि जसाच्या तसा जयदीपला पाठवला. खाली लिहिलं: रिकामा डबा, आणि वर हे. जरा समजावून सांग तिला.

त्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं होतं. हो काकू, शनिवारी स्वतः जाऊन समजूत काढतो.

आणि त्या शनिवारी, तेरा फेब्रुवारीला, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी: डबा दिला काकू. समजली ती.

खाली हात जोडलेले. आणि त्याच्याही खाली काकूंचा स्वतःचा, वर केलेला अंगठा.

चार वर्षांनी, गुरुवारी संध्याकाळी, त्यांनी ते सगळं पुन्हा उघडून पाहिलं होतं. फोन हँग होत नव्हता. झरझर मागे गेला आणि नेमका तिथेच थांबला.

राजनकाकांना त्यांनी कृतिकाचं सांगितलं होतं, मेसेजचं नाही. काका म्हणाले, आपण म्हातारी माणसं, आपण यात पडू नये, पोलीस बघतील काय ते. मग जरा वेळाने, आपल्या मनाशी बोलावं तसं, की हा पोरगा नसता तर या घरात आपला निभाव लागला नसता. काही आठवत नाही म्हणून सांग, चार वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतं? काकू त्यांच्यावर चिडल्या नाहीत. चिडायला तोंड कुठे होतं? रात्रभर त्यांच्याही मनात हेच फिरत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. बोट एकदा दाबून धरलं की मेसेज पुसता येतो, हे त्यांना जयदीपनेच शिकवलं होतं.

अकरा वाजता कृतिका आली. टॅक्सीतून उतरली, साफ केलेल्या ड्राइव्हवेवरून चालत आली. मिठाचे खडे तिच्या बुटांखाली करकरले, आणि तो रस्ता कुणी मोकळा केलाय हे आठवून काकूंना दारातच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलगी वाळली होती. केस आखूड कापलेले. बूट काढले, पण कोट काढला नाही. काकूंनी चहा विचारला, ती नको म्हणाली, आणि दूध संपलेलं नाही हे फ्रिजकडे पाठ करून उभ्या असलेल्या काकूंना उगीचच आठवलं. राजनकाकांनी टीव्हीच्या खोलीतून मान वर करून हाय म्हटलं आणि आवाज वाढवला.

ती डायनिंग टेबलाशी बसली आणि पिशवीतून एक डबा काढून मध्ये ठेवला. दोन पुडांचा स्टीलचा डबा. झाकणावर टोचून घातलेलं नाव: अरुणा रा. खांबेटे. लग्नात आईने सगळ्या भांड्यांवर घालून घेतलं होतं ते.

“त्या दिवशीचा आहे,” कृतिका म्हणाली. “राहून गेला माझ्याकडे. दोनदा टाकायला काढला. नाव होतं म्हणून टाकता नाही आला.”

काकूंनी डब्याला हात लावला नाही.

“तू मला तेव्हा सांगितलं असतंस तर,” त्या म्हणाल्या, आणि जीभ चावली. उचलली जीभ लावली टाळ्याला. तिने सांगितलंच तर होतं.

कृतिकाने ते वाक्य तसंच जाऊ दिलं. मग सांगू लागली, टेबलाकडे बघत, जेवढ्यास तेवढं. सहा तारखेला तो वॉशरूम वापरू का म्हणून आत आला. रूममेट ब्रॅम्प्टनला बहिणीकडे गेलेली, वरचे मालक कधी खाली यायचे नाहीत, बेसमेंटला दार एकच. तो बाहेर आला तो निघेचना. खांद्यावर हात, मग कमरेवर. तिने त्याला कसंबसं घालवलं. घाबरून सिंकमधला गेल्या आठवड्याचा डबा न धुताच त्याच्या हातात कोंबला, कारण त्याने जावं एवढंच तिला हवं होतं. दुसऱ्या दिवशी काकूंना मेसेज केला. एवढं सांगून ती थांबली. तेरा तारखेचं काही बोलली नाही. काकूंनीही विचारलं नाही. ते कोटाच्या बटणाशी चाळा करणाऱ्या तिच्या बोटांवरून कळत होतं.

“डिटेक्टिव्हना तो मेसेज हवाय,” ती म्हणाली. “माझा तेव्हाचा फोन गेला. तुमच्याकडे असेल तर...”

काकूंनी फोन काढला. तिचा मेसेज दाखवला. त्याखाली आपलं ते अन्नाला नाही म्हणू नये. कृतिकाने वाचलं, मान हलवली.

“हा आहे. पण तो म्हणतो तो तेराला आलाच नाही. यात ते येत नाही कुठे.”

“नाही येत,” काकू म्हणाल्या.

आता एवढ्यावर सोडता आलं असतं. जे मागितलं ते दिलं होतं. पोरगी उठली असती, बूट घातले असते, टॅक्सी बोलावली असती. जयदीप सुटला असता, आणि काकूंचं नाव मंडळात, गावात आणि या मुलीच्या मनात होतं तसं राहिलं असतं, डबेवाल्या अरुणाकाकू. त्या आपल्या हाताकडे पाहत राहिल्या. तीस वर्षं या हाताने नमुने तपासले होते, आणि नको असलेला निकाल आला म्हणून एकही नळी कधी फेकली नव्हती.

“कृतिका,” त्या म्हणाल्या, “तुझा मेसेज मी त्याला पाठवला होता. फॉरवर्ड केला. तिला समजावून सांग म्हणून.”

बोलताना त्यांना वाटत होतं की आता ही उठेल, ओरडेल, डबा भिरकावेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. कृतिकाने फक्त डबा थोडा बाजूला सरकवला. शेजारच्या खोलीत हॉकीच्या मॅचमध्ये शिट्टी वाजली.

“माहीत आहे मला,” ती म्हणाली.

काकूंना कळेना.

“दारातच दाखवला होता त्याने. मी दार लावून घेत होते ना, तर त्याने फोन समोर धरला. म्हणाला, बघ, काकूंनीच पाठवलंय मला. आता कुणाला सांगशील?” तिने कोटाचं बटण मुठीत धरलं. “मग मी दार सोडलं.”

काकूंच्या कानांपासून मानेपर्यंत सगळं पेटल्यासारखं झालं, आणि डोळ्यांत पाणी आलं तेही त्यांना निर्लज्जपणाचं वाटलं, रडायचा हक्क कुणाचा आणि रडतंय कोण. चार वर्षं ही मुलगी हे गिळून बसली होती, आणि त्याच चार वर्षांत काकूंनी, झूमवरच्या रथसप्तमीच्या हळदीकुंकवात, वीस बायकांपुढे तिचं नाव घेऊन सांगितलं होतं की हल्लीच्या मुलींना उपकाराची जाण नाही.

“तू डिटेक्टिव्हना नाही सांगितलंस हे?”

“नाही. माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? तुम्ही नाही म्हणाला असतात तर संपलं. तुमचं नाव मोठं आहे, काकू.” हे ती टोमणा म्हणून बोलली नाही, आहे ते सांगावं तसं बोलली. “ते तुमच्याकडूनच यायला हवं होतं.”

काकूंनी जयदीपशी झालेलं बोलणं उघडलं आणि फोन टेबलावरून तिच्याकडे सरकवला. तिने वाचलं. समजली ती, या दोन शब्दांवर तिचं बोट थांबलं आणि त्यांच्याखालच्या अंगठ्यावरही थांबलं. मग तिने फोन पालथा ठेवला, डोळे मिटले आणि नाकाने एक लांब श्वास सोडला. खिशातून कार्ड काढून डब्याशेजारी ठेवलं. डिटेक्टिव्ह बाई आज ड्युटीवर आहेत म्हणाली.

“मला माफ—” काकूंनी सुरुवात केली.

“आज नको, काकू.”

ती उठली. बूट घालायला पायरीवर बसली तेव्हा काकू तिच्यामागे उभ्या होत्या, मदत करावी का, खांद्यावर हात ठेवावा का, यातलं काहीच न करता. टॅक्सी आली आणि ती गेली. बाहेर पुन्हा बारीक बर्फ पडू लागला होता.

काकू आत आल्या. टेबलावर डबा तसाच होता. त्यांनी तो जवळ ओढला आणि हाताने सवयीने झाकण काढलं, आधी वरचा पूड, मग खालचा. लखलखीत घासलेला होता. आत काही नव्हतं. आपण साखर शोधत होतो हे लक्षात आलं तेव्हा त्यांनी झाकण घाईघाईने लावून टाकलं, कुणी पाहिलं असेल तर अशा भीतीने.

फोन थरथरला. जयदीपचा मेसेज होता. काकू, येऊ का फोन घ्यायला? येताना दूध आणतो. खाई त्याला खवखवे, काकूंच्या मनात आलं, आणि मग हेही आलं की ही म्हण आता त्यांनाही लागू आहे. त्यांनी मेसेज पुसला नाही, उत्तरही दिलं नाही. कार्डावरचा नंबर एकेक आकडा बघून दाबला.

पलीकडे बाईचाच आवाज आला, शांत, जरा दमलेला. नाव विचारलं. काकूंनी डबा समोर धरला आणि झाकणावर बघून आपलं नाव सांगितलं, मग इंग्रजी अक्षरांत एकेक करून सांगितलं. कुठल्या केसबद्दल, कुठल्या दिवसाबद्दल, तेही सांगितलं. तेरा फेब्रुवारी, शनिवार, तो माणूस त्या घरी गेला होता. डिटेक्टिव्ह बाईंनी विचारलं, हे तुम्हाला खात्रीने कसं माहीत?

“बिकॉज आय सेंट हिम,” काकू म्हणाल्या.

पलीकडून, सॉरी, पुन्हा सांगाल का?

काकूंनी पुन्हा सांगितलं. या वेळी आवाज मोठा लागला असावा, कारण शेजारच्या खोलीत राजनकाकांनी टीव्ही बंद केला.